ईबीव्ही आणि मल्टिपल स्क्लेरॉसिस : जवळपास सर्वांच्या शरीरात असलेला विषाणू दोषी कसा ठरतो?

सूक्ष्मदर्शक (धागाकर्ता)

मल्टिपल स्क्लेरॉसिस, म्हणजे रुग्ण आणि डॉक्टर दोघेही ज्याला नुसते एमएस म्हणतात तो आजार, कशामुळे होतो हा प्रश्न १८६८ साली पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात जाँ-मार्तँ शार्को यांनी त्याचे पहिले नेटके वर्णन केले तेव्हापासूनचा आहे. मेंदू आणि मज्जारज्जू यांतील तंतूंभोवती मायलिनचे जे वेष्टन असते, त्यावर शरीराची स्वतःचीच रोगप्रतिकारक यंत्रणा हल्ला करते, इथपर्यंत आता एकमत आहे. ती यंत्रणा मुळात बिथरते कशाने, यावर मात्र दीड शतक वाद चालला. गोवर, कुत्र्यांना होणारा डिस्टेंपर, क्लॅमिडिया न्यूमोनिए हा जीवाणू, हर्पिस कुळातला सहाव्या क्रमांकाचा विषाणू असे एकेक संशयित पुढे आले आणि बहुतेक जण पुराव्याअभावी सुटले. एपस्टाईन-बार विषाणू, म्हणजे ईबीव्ही, याच्यावरचा संशय मात्र कधी पुरता मावळला नाही, आणि जानेवारी २०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानंतर तो नुसता संशय राहिलेला नाही असे माझे मत आहे. त्या अभ्यासाविषयी मराठीत ‘व्हायरसमुळे एमएस होतो’ एवढ्या एका ओळीच्या पलीकडे फारसे वाचायला मिळत नाही, म्हणून हा धागा.

या प्रश्नातली खरी अडचण अशी आहे की जगातील प्रौढांपैकी सुमारे पंचाण्णव टक्के लोकांना ईबीव्हीची लागण कधी ना कधी होऊन गेलेली असते. एमएसच्या शंभर रुग्णांचे रक्त तपासले तर जवळजवळ शंभरांत ईबीव्हीची प्रतिपिंडे (अँटिबॉडी, म्हणजे लागण होऊन गेल्याची खूण) सापडतील; पण त्यांच्या शंभर निरोगी शेजाऱ्यांतही ती नव्वदहून अधिक जणांत सापडतील. एवढ्या थोड्या फरकावरून काही सिद्ध करायचे तर अजून लागण न झालेली माणसे आधी शोधायची, त्यांच्यापैकी कोणाला पुढे लागण होते आणि कोणाला एमएस होतो हे वर्षानुवर्षे पाहायचे, आणि एमएस दुर्मीळ असल्यामुळे हे लाखो लोकांच्या बाबतीत करायचे. असा अभ्यास मुद्दाम उभारणे कोणालाच परवडणारे नव्हते.

तो एका वेगळ्याच कारणाने आधीच उभा राहिलेला होता. अमेरिकेच्या लष्करात भरती होताना आणि त्यानंतर साधारण दर दोन वर्षांनी प्रत्येकाची एचआयव्ही चाचणी होते. त्या चाचणीनंतर नळीत उरलेले सीरम टाकून न देता मेरीलँडमधल्या एका भांडारात उणे तीस अंशांवर गोठवून ठेवले जाते आणि तिथे आज असे कोट्यवधी नमुने आहेत. हार्वर्डचे अल्बर्टो आशेरिओ आणि शेतिल ब्योर्नेविक यांच्या गटाने १९९३ ते २०१३ या काळात सेवेत असलेल्या एक कोटीहून अधिक जवानांच्या नोंदींतून एमएसचे ९५५ रुग्ण शोधले. त्यांपैकी ८०१ जणांचे आजारापूर्वीचे पुरेसे नमुने भांडारात होते. प्रत्येकाचे जास्तीत जास्त तीन नमुने घेतले गेले : उपलब्ध असलेला सर्वांत जुना, आजार सुरू होण्यापूर्वीचा शेवटचा, आणि जमल्यास मधला एक.

आता आकडे नीट पाहावेत. या ८०१ जणांपैकी ३५ जणांच्या पहिल्या नमुन्यात ईबीव्हीची प्रतिपिंडे नव्हती, म्हणजे भरतीच्या सुमारास त्यांना लागण झालेली नव्हती. एमएसची लक्षणे दिसण्यापूर्वी या ३५ पैकी ३४ जणांना लागण झाली. तुलनेसाठी घेतलेल्या, एमएस न झालेल्या जवानांत सुरुवातीला लागण नसलेले १०७ जण होते आणि त्यांच्यापैकी तेवढ्याच काळात सुमारे ५७ टक्क्यांनाच लागण झाली. ८०१ पैकी एमएस सुरू होण्यापूर्वीच्या शेवटच्या नमुन्यापर्यंत ईबीव्ही नसलेला माणूस एकच निघाला. ज्यांना लागण झाली त्यांचा एमएसचा धोका लागण न झालेल्यांच्या तुलनेत बत्तीस पट होता. साथरोगशास्त्रात दोन पट, तीन पट धोका दिसला तरी शोधनिबंध लिहिले जातात; बत्तीस पट धोका धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग अशा मोजक्याच जोड्यांच्या पंक्तीला बसतो.

आणखी दोन गोष्टींमुळे मला हा अभ्यास विशेष पटतो. सायटोमेगॅलो हा ईबीव्हीसारखाच हर्पिस कुळातला आणि लाळेतूनही पसरणारा विषाणू आहे. त्याची लागण झालेल्यांत मात्र एमएसचा धोका वाढला नाही. म्हणजे ‘ज्यांना एमएस होणार असतो त्यांना सगळेच संसर्ग चटकन होतात’ ही पळवाट बंद झाली. दुसरे म्हणजे, मज्जातंतूंना इजा झाली की न्यूरोफिलामेंट लाइट चेन नावाचे प्रथिन रक्तात वाढते, आणि ते लक्षणे दिसण्याच्या कित्येक वर्षे आधीपासून वाढू लागते हे ठाऊक होते. या जवानांत ते ईबीव्हीच्या लागणीनंतर वाढले, आधी नाही. आजार आतून आधीच सुरू झाला होता आणि विषाणू मागाहून आला, ही शंकाही त्यामुळे उरत नाही.

शंकेखोर

लेख आवडला, पण मूळ गाठ सुटलेली नाही असे मला वाटते. शंभरातल्या पंचाण्णवांना लागण होते आणि एमएस होतो तो हजारांत एखाद्याला, भारतात तर त्याहूनही पुष्कळ कमी लोकांना. ज्या गोष्टीमुळे बहुतेकांना काहीच होत नाही तिला ‘कारण’ म्हणायचे कसे? शिवाय ३५ ही संख्या फारच लहान आहे. एक कोटींपासून सुरू होऊन निष्कर्ष ३५ माणसांवर उभा राहत असेल, तर वर्तमानपत्रांनी एक कोटीचा आकडा मथळ्यात घालणे हे थोडे फसवेच झाले.

पाटीपेन्सिल

शंकेखोर, मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवण्यात नोकरी घालवली आहे, म्हणून मध्ये बोलतो. पोलिओचा विषाणू पोटात गेलेल्या दोनशे मुलांपैकी साधारण एकाला लुळेपणा येतो. बाकीच्यांना फार तर किरकोळ ताप येतो, पुष्कळांना तोही येत नाही. म्हणून पोलिओचा विषाणू हे पोलिओचे कारण नाही असे कोणी म्हणत नाही, आणि त्याच्याविरुद्धची लस देऊन आपण देशातून तो लुळेपणा घालवला. क्षयाचा जीवाणू फुप्फुसात घेऊन फिरणाऱ्या भारतीयांची संख्या कोट्यवधी आहे आणि त्यांपैकी बहुतेकांना आयुष्यात क्षय होत नाही. आवश्यक कारण वेगळे आणि पुरेसे कारण वेगळे. ईबीव्ही हे एमएससाठी जवळजवळ आवश्यक दिसते आहे. ते पुरेसे मात्र अजिबात नाही.

मग उरलेली कारणे कोणती, हेही पुष्कळसे ठाऊक आहे. एचएलए-डीआरबी१*१५:०१ हा जनुकीय प्रकार ज्यांच्यात असतो त्यांचा धोका सुमारे तिप्पट असतो. धूम्रपान, पौगंडावस्थेतील लठ्ठपणा आणि ‘ड’ जीवनसत्त्वाची कमतरता यांनी तो आणखी वाढतो. यांपैकी एकही गोष्ट एकटी बत्तीस पटीच्या जवळपाससुद्धा जात नाही, हे मात्र लक्षात असू द्यावे.

३५ या संख्येबद्दलचा तुमचा आक्षेप रास्त आहे आणि तरीही त्याने निष्कर्ष ढळत नाही. संख्या लहान असली की अंदाजाची कक्षा रुंदावते, म्हणजे खरा धोका बत्तीस पटीहून बराच कमी किंवा बराच जास्त असू शकतो. पण ३५ पैकी ३४ आणि शंभरातले ५७ यांतली तफावत योगायोगाने पडणारी नाही. आणि ते ३५ जण सापडण्यासाठीच एक कोटींपासून सुरुवात करावी लागली, हे त्या मोठ्या आकड्याचे खरे काम.

जास्वंद

माझ्या धाकट्या बहिणीला एमएस आहे. एका डोळ्याने अंधुक दिसू लागले म्हणून चष्म्याचा नंबर बदलला असेल असे वाटून आम्ही दुकानात गेलो होतो; एमआरआय होऊन निदान हाती यायला त्यानंतर बराच काळ गेला. उन्हाळ्यात तिचा त्रास वाढतो, दुपारी गॅससमोर उभी राहिली तर पाय जड होतात आणि तोच डोळा पुन्हा धूसर होतो, पंख्याखाली बसल्यावर पूर्ववत होतो.

ही विषाणूची बातमी आमच्या घरी पोचल्यापासून दोन गोष्टी झाल्या. वसतिगृहात असताना तिला महिनाभर ताप आणि गळ्याच्या गाठी झाल्या होत्या, त्या वेळी नीट औषधोपचार केले असते तर हे टळले असते, असे आईने मनाशी धरले आहे. आणि एका केंद्राने आम्हाला ईबीव्हीची चाचणी करून ती ‘पॉझिटिव्ह’ आली असे दाखवून, शरीरातला विषाणू काढून टाकण्याचा काही महिन्यांचा महागडा कार्यक्रम सुचवला. बहिणीने नकार दिला, पण तिथून निघाल्यापासून ती अस्वस्थ आहे. जाणकारांनी कृपया या दोन्हींविषयी सांगावे.

रातपाळी

जास्वंदताई, मी डॉक्टर आहे, पण तुमच्या बहिणीची डॉक्टर नाही, तेव्हा तिच्या औषधांबद्दल काही बोलणार नाही. या दोन प्रश्नांची उत्तरे मात्र कोणत्याही रुग्णासाठी सारखीच आहेत.

त्या तापात नीट औषधोपचार करण्यासारखे काही नव्हतेच. ग्रंथिज्वर, ज्याला आम्ही बोलताना मोनो म्हणतो, तो बहुतेक वेळा ईबीव्हीमुळे येतो आणि आपोआप बरा होतो. विश्रांती, पाणी आणि तापाच्या गोळ्या यांपलीकडे त्याला उपचार नाही. अँटिबायोटिक त्यावर चालत नाही. उलट घसादुखी समजून अमॉक्सिसिलिन दिले तर मोनोच्या रुग्णांच्या अंगावर बऱ्याचदा पुरळ उठते. अॅसायक्लोव्हिरसारखी विषाणूविरोधी औषधेही विषाणू जोमाने वाढत असतानाच थोडेफार काम करतात, पेशीत दडून बसलेल्या विषाणूला ती हात लावू शकत नाहीत. एमएसच्या रुग्णांना ती देऊन पूर्वी चाचण्या झाल्या आहेत आणि त्यांत ठोस फायदा दिसलेला नाही. आईंना हे स्पष्ट सांगा की त्या वेळी त्यांनी जे केले तेच जगातल्या कोणत्याही रुग्णालयात केले गेले असते.

चाचणीचे म्हणाल तर तुमची बहीण, तुम्ही, मी आणि त्या केंद्रात पैसे घेणारा माणूस यांपैकी जवळजवळ प्रत्येकाची ती पॉझिटिव्हच येईल. तिच्यावरून एमएसचे निदान होत नाही, उपचार ठरत नाहीत आणि पुढचा झटका कधी येईल हेही कळत नाही. ईबीव्ही एकदा शरीरात शिरला की जन्मभर राहतो, तो समूळ काढून टाकणारा कोणताही सिद्ध उपचार आज जगात नाही. तसा दावा कोणी करत असेल तर तिथून उठून यावे, आणि मुख्य म्हणजे त्या नादात चालू असलेले औषध थांबवू नये. उन्हात डोळा धूसर होणे आणि गारव्यात पूर्ववत होणे हा बहुतेक वेळा नवा झटका नसतो, जुन्या जखमेच्या जागी उष्णतेमुळे संदेश मंदावतात म्हणून तसे होते. तरीही ते तिच्या न्यूरॉलॉजिस्टना सांगून ठेवावे.

कोपनहेगनकर

मी राहतो त्या देशाचा उल्लेख या विषयात टाळता येत नाही, म्हणून लिहितो. डेन्मार्कमध्ये प्रत्येक नागरिकाचा एक क्रमांक असतो आणि रुग्णालयातील नोंदी, रोगांच्या नोंदवह्या, मृत्यूच्या नोंदी सगळे त्या एका क्रमांकाला जोडलेले असते. २००७ साली येथील संशोधकांनी रक्ततपासणीने ग्रंथिज्वराचे निदान झालेल्या पंचवीस हजारांहून अधिक लोकांच्या नोंदी एमएसच्या राष्ट्रीय नोंदवहीशी ताडून पाहिल्या. या लोकांत एमएसचे प्रमाण अपेक्षेच्या दुपटीहून अधिक निघाले आणि हा वाढीव धोका तीस वर्षांनंतरही टिकून होता. जास्वंद यांच्या आईंसाठी याच अभ्यासाची दुसरी बाजू सांगतो : या पंचवीस हजारांत एमएस झालेल्यांची संख्या शंभरच्या आसपास होती. मोनो झालेल्या बहुसंख्य लोकांना एमएस कधीच होत नाही.

डेन्मार्कच्याच छत्राखाली असलेल्या फेरो बेटांची हकिकत तर याहून जुनी आणि जास्त चमत्कारिक आहे. एप्रिल १९४० मध्ये जर्मनीने डेन्मार्क घेतल्यावर ब्रिटिश सैन्य या बेटांवर उतरले आणि युद्ध संपेपर्यंत तिथे राहिले. त्या वेळी बेटांची लोकसंख्या तीस हजारांच्या आत होती. अमेरिकन मज्जातंतुतज्ज्ञ जॉन कुर्ट्झके यांनी कोपनहेगनच्या हुलेस्टेड यांच्याबरोबर जुन्या नोंदी पिंजून काढल्या तेव्हा असे दिसले की बेटे सोडून कधी बाहेर न राहिलेल्या फेरोवासीयांत १९४३ पूर्वी एमएसचा रुग्णच नव्हता, आणि त्यानंतर मात्र रुग्णांच्या लाटा आल्या. सैनिकांबरोबर कुठलातरी संसर्ग आला असावा असा त्यांचा निष्कर्ष होता. टीकाकारांनी विचारले की त्याआधी या बेटांवर एमएस ओळखू शकणारा डॉक्टर तरी होता का, आणि एवढ्या थोड्या रुग्णांच्या आकड्यांत लाटा दिसणे हा पाहणाऱ्याच्या नजरेचा खेळ कशावरून नाही. मला ही टीका बरीचशी योग्य वाटते. कुर्ट्झके यांचा संसर्ग कोणता हे ठरले नाही ते नाहीच, पण ‘एमएस बाहेरून येऊ शकतो’ हा विचार त्या हकिकतीने कित्येक वर्षे जिवंत ठेवला.

गोदाकाठ

इथवरची चर्चा अमेरिका आणि डेन्मार्कभोवती फिरली; आपल्याकडचा भाग मी जोडतो, कारण माझ्या दृष्टीने कोड्याचा सगळ्यात अवघड तुकडा तोच आहे.

भारतात ईबीव्हीची लागण बहुतेकांना अगदी लहानपणीच होते. एका ताटात जेवणारे, एकाच भांड्यातून पाणी पिणारे मोठे कुटुंब, घास चावून बाळाला भरवणारी आजी, या सगळ्यांतून लाळ पसरते आणि शाळेत जाण्याच्या वयापर्यंत पुष्कळ मुले लागण होऊन मोकळी झालेली असतात, तीही कुणाच्या लक्षात न येता. उलट युरोप-अमेरिकेत ही लागण बऱ्याच जणांना पौगंडावस्थेत होते, आणि त्या वयात झाली की तिच्यातून मोनो होण्याची शक्यता फार वाढते. म्हणजे आपल्याकडे विषाणू भरपूर, पण मोनो कमी आणि एमएसही कमी. लागण होते की नाही यापेक्षा ती कोणत्या वयात होते हे महत्त्वाचे असावे, या तर्काला आपला देश मोठाच आधार देतो.

याला छेद देणारी एक मुंबईची गोष्ट आहे. १९८०च्या दशकात डॉ. भरुचा, डॉ. नोशीर वाडिया आणि डॉ. सिंघल यांच्यासारख्या मुंबईच्या मज्जातंतुतज्ज्ञांनी पारशी समाजाची पाहणी केली, तेव्हा त्यांच्यात एमएसचे प्रमाण लाखामागे वीसहून अधिक आढळले. त्या काळी उरलेल्या भारतासाठी लाखामागे एक-दोन असा अंदाज होता. हवा, पाणी, शहर तेच. प्रमाण मात्र दहापटींहून अधिक. इराणी मूळ आणि आपसांतले विवाह पाहता याचे श्रेय जनुकांना द्यावेसे वाटते. पण छोटी कुटुंबे, स्वतंत्र खोल्या, उशिरा होणारे संसर्ग हेही त्या समाजात इतरांच्या आधी आले होते, त्यामुळे दोन्ही धागे वेगळे करणे सोपे नाही.

याच्या उलट टोकाचा पुरावा इंग्लंडमधला आहे. १९९० साली एलियन, नाइटिंगेल आणि जेफ्री डीन यांनी भारतीय उपखंड, आफ्रिका आणि वेस्ट इंडीजमधून आलेल्या स्थलांतरितांची जी मुले ब्रिटनमध्येच जन्मली त्यांचा अभ्यास केला. आईवडिलांच्या पिढीत एमएस क्वचितच होता. मुलांच्या पिढीत तो स्थानिक गोऱ्या लोकांच्या जवळपास पोचला. एका पिढीत जनुके बदलत नाहीत. लेस्टर किंवा लंडनमध्ये वाढणाऱ्या मराठी मुलांच्या पालकांनी घाबरून जाण्याइतका हा आकडा मोठा नाही, पण लहानपण कुठे गेले याला या आजारात वजन आहे हे त्यातून दिसते.

एक इशाराही द्यायला हवा. भारतातले जुने आकडे एमआरआय येण्यापूर्वीचे आहेत, आणि मंगळुरूच्या नंतरच्या पाहणीत लाखामागे आठच्या आसपास रुग्ण निघाले. शिवाय आपल्याकडे पूर्वी एमएस म्हणून गणलेले काही रुग्ण प्रत्यक्षात न्यूरोमायलायटिस ऑप्टिका या, डोळ्याची नस आणि मज्जारज्जू यांना इजा करणाऱ्या वेगळ्या आजाराचे होते. त्या आजाराचे प्रतिपिंड २००४ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये सापडेपर्यंत दोन्हींतला फरक नीट करता येत नसे. त्याचप्रमाणे एमएस असूनही ईबीव्ही नसलेली मुले म्हणून जी उदाहरणे दिली जात, त्यांतल्या पुष्कळांना मायलिनमधल्या मॉग या प्रथिनावर हल्ला करणाऱ्या प्रतिपिंडांचा निराळाच आजार असल्याचे पुढे कळले. रोगाची व्याख्या जसजशी काटेकोर झाली तसतसा ईबीव्हीशी असलेला संबंध सैल न होता घट्टच झाला, हे मला फार बोलके वाटते.

शंकेखोर

आवश्यक आणि पुरेशा कारणातला फरक मला मान्य आहे, आणि लष्करी अभ्यासाचा क्रमही. पण विषाणू घशात शिरतो आणि पाच-सात वर्षांनी मेंदूतले मायलिन झिजते, या दोन टोकांच्या मध्ये काय घडते? ती साखळी दाखवता येत नसेल तर माझ्या लेखी खटला अजून निकालात निघालेला नाही.

सूक्ष्मदर्शक (धागाकर्ता)

पूर्ण साखळी कोणाकडेच नाही, पण काही कड्या हाती आहेत. ईबीव्ही राहतो तो रोगप्रतिकारक यंत्रणेच्याच पोटात, स्मृती बी-पेशींत. १९६४ साली अँथनी एपस्टाईन, बर्ट अचाँग आणि इव्हॉन बार यांनी तो प्रथम पाहिला तोही बी-पेशींच्याच कर्करोगात. युगांडात काम करणाऱ्या डेनिस बर्किट यांनी मुलांच्या जबड्यातल्या ज्या गाठींचे वर्णन केले होते त्यांचे तुकडे विमानाने लंडनला येत, आणि त्यांतून वाढवलेल्या पेशी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहताना हा विषाणू दिसला. शत्रूला ओळखून लक्षात ठेवण्याचे काम असलेल्या पेशीतच ठाण मांडणारा आणि तिला हवे तसे वाढायला लावणारा विषाणू रोगप्रतिकारक यंत्रणेत घोटाळा घालू शकतो, हे तत्त्वतः पटण्यासारखे आहे.

‘सायन्स’मधल्या निबंधाच्याच महिन्यात ‘नेचर’मध्ये स्टॅनफर्डच्या विल्यम रॉबिन्सन यांच्या गटाचे काम आले. एमएसच्या रुग्णांच्या मणक्यातील पाण्यातून त्यांनी बी-पेशींनी बनवलेली प्रतिपिंडे वेगळी केली आणि त्यांतले एक प्रतिपिंड ईबीव्हीच्या ईबीएनए-१ या प्रथिनाला आणि मेंदूतल्या ग्लायलकॅम या प्रथिनाला, दोघांनाही चिकटते असे दाखवले. या दोन प्रथिनांचे छोटे तुकडे एकमेकांसारखे आहेत, त्यामुळे विषाणूवर रोखलेले हत्यार घरच्यांवरच चालते. सगळ्या रुग्णांत हे आढळत नाही, सुमारे पाचवा ते चौथा हिस्सा रुग्णांत आढळते. म्हणून मी त्याला एकमेव यंत्रणा मानत नाही. मेंदूतली आणखी काही प्रथिने ईबीएनए-१ शी साम्य राखतात असे नंतरच्या कामांतून पुढे आले आहे.

तिसरी कडी औषधांची. ओक्रेलिझुमॅब, किंवा आपल्याकडे खर्चाच्या कारणाने पुष्कळ ठिकाणी वापरले जाणारे रिटुक्सिमॅब हे औषध, रक्तातल्या बी-पेशी नष्ट करते आणि एमएसचे झटके झपाट्याने कमी होतात. गंमत अशी की प्रतिपिंडे तयार करणाऱ्या प्लाझ्मा पेशींना ही औषधे हात लावत नाहीत, म्हणजे फायदा प्रतिपिंडे घटल्याने होत नाही, बी-पेशीच हटल्याने होतो. ईबीव्हीचे घरच मोडले म्हणून आजार थंडावला, असे यावरून म्हणण्याचा मोह होतो. पण बी-पेशी टी-पेशींना, म्हणजे रोगप्रतिकारक यंत्रणेतल्या दुसऱ्या हल्लेखोर पेशींना, चिथावण्याचे कामही करतात आणि ते बंद पडल्यानेही हाच परिणाम दिसू शकतो, त्यामुळे मी ही कडी पुरावा म्हणून न मांडता फक्त सुसंगत म्हणून मांडतो.

रातपाळी

विषाणूवर थेट नेम धरण्याचा एक मोठा प्रयत्न झाला आणि तो फसला, तेही इथे नोंदवायला हवे. ईबीव्हीने ग्रासलेल्या पेशी ओळखून मारणाऱ्या टी-पेशी निरोगी दात्यांकडून घेऊन एमएसच्या रुग्णांना देण्याची कल्पना होती. सुरुवातीच्या थोड्या रुग्णांत अपंगत्व कमी झाल्याच्या बातम्या आल्या आणि रुग्णांच्या गटांत मोठी आशा पसरली. एटीए-१८८ या नावाने झालेल्या चाचणीचे निकाल नोव्हेंबर २०२३ मध्ये आले तेव्हा औषध दिलेला गट आणि नकली औषध (प्लासिबो) दिलेला गट यांत लक्षणीय फरक दिसला नाही. याचा अर्थ विषाणू निर्दोष ठरला असा नाही. तो आग लावून निघून जात असेल आणि पुढे आग आपोआप जळत असेल, किंवा मेंदूत पोचायला त्या पेशी अपुऱ्या पडल्या असतील, दोन्ही शक्य आहे. आधीच आजारी असलेल्यांना या शोधाचा लाभ कसा आणि कधी होईल, यावर आज तरी आश्वासन देऊ नये.

जास्वंद

रातपाळी, कोपनहेगनकर, तुम्हा दोघांचेही मनापासून आभार. तुमचे प्रतिसाद आईला मोठ्याने वाचून दाखवले. तिचा पुढचा प्रश्न असा आहे की मग मुलांना लस का देत नाहीत?

पाटीपेन्सिल

जास्वंद, लस अजून बाजारात नाही, पण प्रयत्न जुना आहे. विषाणूच्या पृष्ठभागावरील जीपी-३५० या प्रथिनाची लस बेल्जियममध्ये १८१ तरुणांवर अजमावली गेली आणि २००७ साली निकाल आले : मोनोचे प्रमाण ७८ टक्क्यांनी घटले, लागण मात्र थांबली नाही. त्यानंतर हे काम बराच काळ रेंगाळले. २०२२ च्या सुमारास मॉडर्नाने एमआरएनए तंत्राने आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने जीपी-३५० चेच नवे रूप घेऊन माणसांवरील प्राथमिक चाचण्या सुरू केल्या. अशा लसीने एमएस टळतो की नाही हे कळायला किती वर्षे लागतील याचा अंदाज तैवानवरून येतो. तिथे १९८४ मध्ये नवजात बाळांना हिपॅटायटिस ‘बी’ची लस सुरू झाली आणि मुलांतील यकृताच्या कर्करोगाचे प्रमाण घटल्याचे दाखवायला दशकाहून अधिक काळ जावा लागला. एमएस तर सहसा वीस ते चाळीस या वयात सुरू होतो.

शंकेखोर

इथे माझी शंका भारतापुरती आहे. गोदाकाठ म्हणतात त्याप्रमाणे आपल्याकडे लहानपणी होणारी निरुपद्रवी लागणच आपल्याला मोनोपासून, आणि कदाचित एमएसपासूनही, वाचवत असेल, तर पाच-दहा वर्षे टिकून मग ओसरणारी लस मुलांना देणे म्हणजे लागण नेमक्या धोक्याच्या वयात ढकलणे होईल.

सूक्ष्मदर्शक (धागाकर्ता)

ही शंका अगदी बिनतोड आहे आणि या क्षेत्रातले लोकही ती मांडतात. लस लागण पूर्णपणे रोखणारी असेल तर प्रश्न किती काळ रोखते याचा आहे, आणि ती लागण न रोखता फक्त मोनो रोखणारी असेल तर तेवढ्याने एमएस टळतो का याचा. डेन्मार्कमध्ये, जिथे लागण आधीच उशिरा होते, तिथे अल्पकाळ टिकणाऱ्या लसीनेही बहुधा नुकसान होणार नाही. महाराष्ट्रातल्या अंगणवाडीतल्या मुलांसाठी मात्र तीच लस, तिचा प्रभाव पंचवीस-तीस वर्षे टिकतो हे दिसल्याशिवाय, मी तरी सुचवणार नाही. दरम्यान शहरांतली कुटुंबे लहान होत आहेत, मुले स्वतंत्र खोल्यांत वाढत आहेत आणि लागणीचे वय लसीवाचूनही पुढे सरकत असणार. ते किती सरकले हे पाहायचे तर वेगवेगळ्या वयाच्या मुलांच्या रक्तातील ईबीव्ही प्रतिपिंडांची पाहणी आपल्याकडे ठराविक वर्षांनी पुन्हा पुन्हा करावी लागेल, आणि लसीचा निर्णय घेण्याआधी हाच आकडा सर्वांत उपयोगी पडेल.